कडक भाकरीचा विस्तार

माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते. मार्गदर्शक सरांनी ते कुठल्याशा परदेशी पुस्तकातून उचलले होते आणि त्यांचं मराठी मी केलं होतं. विषय होता ग्रामीण लघुउद्योजिका. मी कळंबच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवतो. म्हणजे जेवढे तास घ्यावेत तेवढाच वेळ मी प्राध्यापक असतो, बाकी दिवसभर नुसता इसम. पीएच.डी. झाली की हे बदलेल अशी मला आशा होती आणि बायकोला खात्री होती. त्यामुळं सुट्टी आली की पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा घालून मी एसटीनं जिल्हाभर हिंडायचो.

उद्योजिका सापडायला अडचण नव्हती. अडचण माझ्या मराठीची होती. 'आपणांस उद्योजकीय प्रेरणा कोठून प्राप्त झाली?' हा पहिलाच प्रश्न वाचला की समोरची बाई पदर सावरून घरातल्या कुणाला तरी हाक मारायची. भूमकडं खवा आटवणाऱ्या एका बाईंनी, आपल्याला असलं काही कुणाकडून मिळालेलं नाही, हवं तर घर बघून घ्या, असं सांगितलं. तामलवाडीत गिरणी चालवणाऱ्या बाईंसमोर दळणाची रांग लागली होती. त्यांनी गिरणीच्या आवाजात एकही प्रश्न न ऐकता सगळीकडं 'पूर्ण सहमत' लिहून घ्यायला आणि बाजूला व्हायला सांगितलं. धंदा तोट्यात आहे याच्याशी त्या पूर्ण सहमत होत्या आणि धंदा फायद्यात आहे याच्याशीही. मार्गदर्शक सर म्हणाले, असू दे, प्रतिसाद तर मिळाला.

जळकोटच्या मावशी मला अशाच एका रविवारी भेटल्या. हायवेला लागून त्यांचं कडक भाकरीचं दुकान. पुढं काउंटर, मागं पत्र्याच्या शेडमध्ये दोन चुली आणि भाकरी थापणाऱ्या चार बायका. मावशी साठीच्या, उंच, कपाळावर विभूतीची बोटं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि ट्रकवाल्यांशी हिंदी बोलायच्या आणि तिन्ही भाषांत सारख्याच हळू आवाजात. त्यांचे यजमान काउंटरवर बसून असत. ते कुठल्याच भाषेत बोलत नसत.

मावशींनी मला बसायला स्टूल दिलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली. एवढं मनापासून माझं आधी कुणी ऐकलं नव्हतं. 'तटस्थ' म्हणजे काय ते त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हेही नाही आणि तेही नाही असं वाटत असलं तर तटस्थ."

त्यांनी यजमानांकडं बघितलं. "मंग ह्यांचं समदीकडं तसं लिवा," असं म्हणाल्या. माझ्या प्रश्नावलीत यजमानांसाठी रकाना नव्हता, तरी मी समासात लिहून घेतलं.

स्पर्धकांची भीती वाटते का, या प्रश्नावर त्यांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं बोट केलं. तिथंही कडक भाकरीच मिळत होती. ती त्यांची जाऊ होती. पीठ कमी पडलं की या तिकडून आणायच्या आणि चटणी संपली की ती इकडून न्यायची. ही भीती आहे की नाही, हे मला ठरवता येईना. येत्या पाच वर्षांत व्यवसाय कुठं न्यायचा आहे, असं विचारलं तर म्हणाल्या, कुठं न्यायचा, हितंच बरं आहे, ष्टँड जवळ आहे. तुमच्या मालकीच्या एकूण शाखा किती, यावर म्हणाल्या, एकबी न्हाय. निघताना त्यांनी भाकरीची एक चवड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधून दिली. ती मी कळंबपर्यंत मांडीवर आणली आणि तिचा एक तुकडाही पडला नाही. या गोष्टीची नोंद मी कुठंही केली नाही, कारण तसा प्रश्न नव्हता.

पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून यावा लागतो. मार्गदर्शक सर एका मासिकाच्या संपादक मंडळावर होते. छोट्या उद्योगांवर कुठं काय संशोधन चाललंय, धंद्यात नवीन काय आलंय, अशा बातम्या आणि निबंध त्यात असत. आमच्या ग्रंथालयात त्याचे अंक टपालाच्या कागदी पट्टीसकट रचून ठेवलेले होते, पट्टी फाडणारा मी पहिलाच. निबंधाचं नाव मी ठेवलं, 'विस्तारविमुख ग्रामीण उद्योजिका : एक अभ्यास'. त्यात 'जळकोट येथील एक कडक भाकरी व्यावसायिक महिला' असा उल्लेख करून मी लिहिलं की सदर उद्योजिकेत विस्ताराची इच्छा आढळत नाही, तिला स्पर्धेचे भान नाही आणि तिच्यात दूरदृष्टीचा अभाव आहे. हे लिहिताना मला मावशींचा चेहरा आठवत होता, पण 'सदर उद्योजिका' म्हटलं की माणूस आपोआप लांब जातो.

निबंध छापून आला. आनंदाच्या भरात मी त्याच्या पानांचे फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवले. चोवीस तासांत निघून जाणारी गोष्ट, वाचतंय कोण, असा माझा हिशेब होता. कॉलेजातल्या कुणी खरंच वाचला नाही. पण मुलाखतीच्या वेळी मावशींच्या सुनेनं माझा नंबर घेऊन ठेवला होता आणि ती बी.कॉम. झालेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. सर, आत्यांना बोलायचंय, एवढंच म्हणाली आणि फोन सासूकडं दिला. मावशींनी आधी माझी, मग माझ्या बायकोची, मग पोरांची खुशाली विचारली. मग म्हणाल्या, "सर, दूरदृष्टी म्हंजे काय व्हो?"

मी गडबडलो. म्हणालो, "म्हणजे असं, लांबचं दिसणं."

"लांबचं दिसतंय की मला. दोन्ही डोळ्यांचं आपरेशन झालंय माझं."

मी म्हणालो, मावशी, ते तुमच्याबद्दल नाही, ते एकूण परिस्थितीबद्दल आहे. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की जळकोटात कडक भाकरीची दुकानं दोनच आहेत. एक त्यांचं आणि दुसरं जावेचं. जाऊबाई कालपासून सांगत फिरतेय की ते माझ्याबद्दल नाही. मी माफी मागायला लागलो, पण त्यांना माफी नको होती. त्यांचा आवाज चढलेला नव्हता आणि त्यामुळं मला जास्तच भीती वाटत होती.

"तुम्हाला विस्तार करता येतूय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मंग या हिकडं. आठ दिवस ऱ्हावा. करून दावा."

मी घाबरून मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, उत्तम, याला कृतिसंशोधन म्हणतात, एक प्रकरण वाढेल. बायकोनं बॅग भरून दिली आणि येताना चटणी आणायला सांगितली. कॉलेजात स्नेहसंमेलनाचा आठवडा होता, तासिका नव्हत्या. ज्वारीची काढणी सुरू झाली होती, एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना माणसं वाकलेली दिसत होती. मी मांडीवर वही घेऊन विस्ताराचा आराखडा करत नळदुर्गापर्यंत आलो आणि झोप लागल्यामुळं जळकोटच्या पुढं गेलो. तीन किलोमीटर चालत परत आलो. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला लांबूनच ओळखलं होतं, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

दुकानावरच्या खोलीत माझी सोय केली होती. पहिल्या दिवशी मी नुसतं बघितलं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, काटवटीत पापडासारखं पातळ थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, भाजायचं आणि मग चुलीच्या मंद धगीला लावून कडकडीत होईपर्यंत वाळवायचं. बघताना सोपं वाटत होतं. मी वहीत लिहिलं, 'प्रक्रिया सोपी, प्रमाणीकरणास वाव'.

दुसऱ्या दिवशी मी प्रमाणीकरण सुरू केलं. चार बायकांच्या चार तऱ्हेच्या भाकरी होत्या. एकीची मोठी, एकीची जाड, एकीची काठाला पातळ. मी लोहाराकडून एक लोखंडी कडं करून आणलं होतं. थापलेल्या भाकरीवर ते दाबायचं आणि बाहेरचं काढून टाकायचं, म्हणजे सगळ्या भाकरी एका मापाच्या. बायकांनी पदर तोंडाला लावून दिवसभर ते केलं. संध्याकाळपर्यंत कापलेल्या कडांचा ढीग साचला. मावशींनी त्याही भाजायला लावल्या आणि रात्री जेवताना माझ्या ताटात वाढल्या. त्याच संध्याकाळी हैदराबादकडून येणाऱ्या गाडीचे कंडक्टर उतरले. त्यांनी भाकरी हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि विचारलं, आज त्या डावखुऱ्या ताई आल्या नाहीत का. त्या शेडमध्येच बसल्या होत्या. पण त्यांच्या भाकरीचे पातळ काठ कड्यानं कापून टाकले होते आणि कंडक्टर साहेब गेली कित्येक वर्षं त्या काठासाठीच उतरत होते. त्या दिवशी ते काही न घेता गेले. मावशींनी यजमानांकडं बघून कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं आणि ते हसले. ते हसतात हे शेडमधल्या बायकांनाही नवीन होतं, कारण चौघी उठून बघायला आल्या.

त्या कन्नड बोलण्यात 'हुच्च' असा एक शब्द वारंवार येत होता. माझ्याकडं बघूनच यायचा. मी तो हुशार अशा अर्थाचा असेल असं धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी सुनेला विचारलं तेव्हा तिनं जरा अडखळत सांगितलं की त्याचा अर्थ येडा असा होतो, पण आत्या तो प्रेमानं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मी वेष्टनाकडं वळलो होतो. वर्तमानपत्र आणि सुतळी हे मला मागासलेपणाचं लक्षण वाटत होतं. सोलापूरहून चौकोनी खोकी मागवली, वर शेताचं चित्र, आत पारदर्शक पिशवी. पहिलं खोकं प्रयोग म्हणून एसटीच्या पार्सलनं कळंबला बायकोकडं पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिनं विचारलं, भाकरी पाठवलीस का भुगा. खोकं चौकोनी आणि भाकरी गोल, त्यामुळं चारही कोपऱ्यांत जागा उरली होती आणि बार्शी रस्त्याच्या खड्ड्यांनी त्या जागेचा पुरेपूर उपयोग केला होता. पण तिनं त्या चुऱ्यात दही, कांदा, चटणी कालवून खाल्लं होतं आणि पोरांना ते आवडलं होतं. मी वहीत लिहिलं, 'ग्राहकाचा प्रतिसाद अनुकूल'. मावशींनी खोक्यांबद्दल एक शब्दही काढला नाही. उरलेली सगळी खोकी त्यांनी सुनेच्या पोरीला खेळायला दिली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पाचव्या दिवशी मी जे केलं, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

धाराशिवला नवउद्योजकांचा एक मेळावा होता. आयोजकांपैकी एक जण माझा जुना विद्यार्थी. मी त्याला फोन करून दुपारच्या जेवणात कडक भाकरी ठेवायला सांगितलं आणि तो लगेच हो म्हणाला. एक हजार भाकरी, परवा सकाळी पोचत्या करायच्या. मी मावशींना न विचारता कबूल केलं आणि मग पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो. आता तुम्हाला विस्तार म्हणजे काय ते कळेल, असंही मी म्हणालो असेन. नक्की आठवत नाही आणि आठवायची इच्छाही नाही.

त्यांनी पेढा घेतला नाही. पदरानं हात पुसले, चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "सर, इचारायचं तरी व्हतं."

चौघींपैकी दोघी दुसऱ्या दिवसापासून ज्वारी काढायला जाणार होत्या, हे मला माहीत नव्हतं. वर्षातून एकदाच येणारं ते काम, शेत स्वतःचं, त्यांना थांबवणं शक्यच नव्हतं. राहिल्या दोघी. त्यातल्या एकीच्या भाचीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांना नाही म्हणायचं मावशींच्या मनात नव्हतं. मी विद्यार्थ्याला फोन करून निम्म्याच भाकरी होतील का विचारलं. तो म्हणाला, सर, जेवणाचं पत्रक छापून झालंय, आणि वर तुमचं नाव टाकलंय.

मी स्टुलावर बसून राहिलो. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हे प्रकरण प्रबंधात जाणार नाही, पेपरात जाईल. मावशींनी सुनेकडून मोबाइल घेतला आणि एकामागून एक फोन लावायला लागल्या. काही मराठीत, काही कन्नडमध्ये. बोलणं फार नव्हतं. किती, कधी, एवढंच. फोन झाले तशा त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, हात धुऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी काटवटीसमोर बसलो. दुकानात येणारं प्रत्येक माणूस आत डोकावून जात होतं. पीठ माझ्या कोपरापर्यंत चढलं होतं आणि काटवटीत मात्र कमी उरत होतं. पहिली भाकरी उचलताना मधून फाटली. दुसरीला मी पाण्याचा हात फिरवायला गेलो आणि बोटं भाजून घेतली. तिसरी उचलली गेली, पण तिचा आकार बघून डावखुऱ्या ताई म्हणाल्या की ही जिल्ह्याच्या नकाशासारखी झालीय, ह्ये हिकडं परांडा आलं बघा. सुनेनं मुलाखतीच्या वेळी ठेवून घेतलेली माझीच एक कोरी प्रश्नावली कपाटातून काढून आणली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि गंभीरपणे विचारलं, "सर, तुम्हाला ह्या व्यवसायाची प्रेरणा कुठून मिळाली?"

काउंटरवरून यजमानांनी उत्तर दिलं. त्या आठ दिवसांत त्यांनी मराठीत उच्चारलेलं ते एकमेव वाक्य. "भीतीतून," ते म्हणाले.

दुपारपर्यंत माझ्या हातून अकरा भाकरी झाल्या. मावशींनी त्या एकेक करून पाहिल्या आणि बाजूला ठेवायला सांगितल्या. मी रडकुंडीला आलो होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या निबंधातलं वाक्य आठवलं आणि दूरदृष्टीचा अभाव नेमका कुणात आहे, ते चांगलंच दिसायला लागलं.

तीनच्या सुमाराला पहिली स्कूटी येऊन थांबली. पुढं पाय ठेवायच्या जागेत वर्तमानपत्रात बांधलेली भाकरीची भलीमोठी चवड. एक तिशीतली बाई उतरली, मावशींच्या पाया पडली, साठ आणल्यात म्हणाली. तिच्यामागून एक काळीपिवळी जीप आली, तिच्यातून दोघी उतरल्या. मग उमरग्याकडून येणाऱ्या एसटीतून एक, कडेवर लेकरू आणि डोक्यावर गाठोडं. रस्त्यापलीकडून जाऊबाई स्वतः दीडशे भाकरी घेऊन आल्या आणि निबंध लिहिणारा तो हाच का, असं त्यांनी माझ्यासमोरच विचारून घेतलं. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये चवडींच्या रांगा लागल्या. मावशी प्रत्येक चवड सोडायच्या, वरची एक भाकरी कानाजवळ नेऊन मोडायच्या, आवाज ऐकायच्या आणि मान हलवायच्या. एका चवडीचा आवाज त्यांना पटला नाही. ती आणणारी बाई न बोलता चुलीपाशी बसली आणि सगळी चवड पुन्हा धगीला लावली.

मी सुनेला विचारलं, ह्या सगळ्या कोण. ती म्हणाली, ह्या इथंच कामाला होत्या, कुणी दोन वर्षं, कुणी पाच. शिकल्या आणि आपापल्या गावात दुकानं टाकली. काहींना पहिला तवा आत्यांनीच दिला. नळदुर्गापासून उमरग्याच्या पुढंपर्यंत हायवेला जिथं जिथं कडक भाकरीची पाटी दिसते, त्यातल्या बऱ्याचशा ह्यांच्या.

त्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो होतो. पाट्या वाचल्याही असतील. मी मावशींपाशी गेलो आणि जरा चिडूनच विचारलं, "मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं. शाखा किती म्हणून. तुम्ही एकही नाही म्हणालात."

"तुम्ही इचारलं, तुमच्या मालकीच्या किती," त्या म्हणाल्या. "माझ्या मालकीची एकबी न्हाय. ज्याच्या त्याच्या हायत त्या. म्या खोटं कशाला सांगू?"

मग त्यांनी भाकरी मोडायची थांबवली आणि मला बसायला सांगितलं. फार पूर्वी त्यांनीही मोठं दुकान करायचं ठरवलं होतं, हे तेव्हा मला कळलं. मशीन आणलं. भाकरी भराभर निघायला लागली. पण ती कुणाची आहे हे कळेनासं झालं. एक दिवस एका गिऱ्हाइकानं येऊन सांगितलं की भाकरीला वास येतोय, तर कुणाला विचारायचं हेच त्यांना समजेना. हातानं थापणाऱ्या बायका घरी बसल्या होत्या. महिनाभरात त्यांनी मशीन देऊन टाकलं आणि घरोघर जाऊन बायकांना परत बोलावलं. त्यातल्या एकीनं मात्र, आता मी माझंच टाकते, असं सांगितलं. मावशींना राग आला होता. तीन दिवस त्या जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी तवा घेऊन तिच्याकडं गेल्या. "पहिलीला देताना लई जीवावर आलं," त्या म्हणाल्या. "मंग सवय झाली."

मी वही उघडली नाही.

एक हजार भाकरी धाराशिवला वेळेवर पोचल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून, टेम्पोत. एकही मोडली नाही. मेळाव्यात गडबड वेगळीच झाली. भाषणं लांबली, जेवणाची वेळ टळायला लागली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यानं लोकांना बसल्या जागीच भाकरी आणि चटणी वाटली. प्रमुख पाहुणे उद्योगवाढीच्या टप्प्यांवर बोलत होते. एवढी माणसं एकाच वेळी कडक भाकरी खायला लागली तसा मांडवात असा आवाज उठला की पाहुण्यांचं एक अक्षर ऐकू येईना. त्यांनी माइक जवळ घेतला, मग भाषण आवरतं घेतलं, मग स्वतःही एक भाकरी मागून घेतली. मावशींना स्टेजवर बोलावून नवउद्योजकांना संदेश द्यायला सांगितलं. त्यांनी माइककडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, चटणी तिखट आहे, पाणी जवळ ठेवा. त्या दिवसातल्या सगळ्या भाषणांत टाळ्या पडल्या त्या या एकाच भाषणाला.

कळंबला परतल्यावर मी निबंध पुन्हा लिहिला आणि सरांकडं घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे वाचला. गोष्ट चांगली आहे म्हणाले, पण तक्त्यात कुठं बसवायची. शिकवून सोडून दिलेल्या माणसांसाठी रकानाच नाही. आम्ही दोघांनी ते परदेशी पुस्तक पुन्हा चाळलं, त्यातही नव्हता. सर भले माणूस, त्यांनी शेवटी एक रकाना वाढवायची परवानगी दिली, मात्र त्याचं नाव 'इतर' ठेवायला लावलं. मासिकानं दुसरा निबंध छापायला नकार दिला. एकाच विषयावर दोनदा छापत नाहीत म्हणे. मी फारच मागं लागलो तेव्हा पुढच्या अंकात शेवटच्या पानावर दोन ओळींचं शुद्धिपत्र आलं. मागील अंकातील 'विस्तारविमुख' हा शब्द 'विस्तारसन्मुख' असा वाचावा. बाकी निबंध तसाच. म्हणजे आता त्या निबंधानुसार विस्तारसन्मुख उद्योजिकेत विस्ताराची इच्छा आढळत नाही. जळकोटला मी ते शुद्धिपत्र स्वतः नेऊन वाचून दाखवलं. मावशींना सन्मुख हा शब्द आवडला. जाऊबाईंनी, आता तरी ते माझ्याबद्दल आहे का, अशी चौकशी केली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं 'इतर'वर बोट ठेवलं आणि यात काय आहे ते विचारलं. मी मशीनपासून स्कूटीपर्यंत सगळं सांगितलं. परीक्षकांनी प्रबंध मिटला. मग त्यांनी विचारलं, ती भाकरी मिळते कुठं. मला पदवी मिळाली. तासिका मात्र अजून तेवढ्याच आहेत आणि उरलेल्या वेळात मी आता डॉक्टर इसम आहे.

या सगळ्यातून उभं राहिलं ते वेगळंच, आणि त्यात माझा हात नाही. त्या दिवशी शेडमध्ये जमलेल्या बायकांचे नंबर सुनेनं एकत्र केले आणि त्यांच्यासाठी मोबाइलवर दर पंधरा दिवसांनी एक बातमीपत्र काढायला सुरुवात केली. एका पानाचं. ज्वारी कुठं चांगली आलीय, अन्न परवान्याचा अर्ज कसा भरायचा, कुठल्या फाट्यावर एसटी थांबायची बंद झाली, शेंगदाणा खवट निघाला तर काय करायचं, कुणाला हाताखाली बाई हवी आहे. मजकूर ती लिहिते आणि मावशी ऐकून पास करतात. न कळणारा शब्द आला की तो कापला जातो. कळंब आणि बार्शीकडच्या पापडवाल्या, शेवयावाल्याही आता ते मागून घेतात. आमच्या मासिकाची पट्टी अजून कुणी फाडत नाही, आणि हे पान मला माझ्या गल्लीतल्या शिलाईवाल्या बाईंनी दाखवलं, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून.

मागच्या महिन्यात मी हिंमत करून सुनेकडं एक लेख पाठवला. छोट्या व्यवसायात माणसं कशी टिकवावीत, यावर. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. सर, लेख चांगला आहे, पण लई लांबलाय आणि आत्यांना मधला भाग कळला नाही. सहा ओळींत बसवून द्या. मी आठवडाभर खपून सहा ओळी केल्या. तिनं त्यातल्या चार छापल्या, नळदुर्गाची गिरणी दोन दिवस बंद राहणार असल्याच्या सूचनेखाली.